गायकाची वाट बघू नका: स्विंगच्या काळातल्या डान्स बॅन्ड रेकॉर्ड्स ऐकायच्या कशा

परवा एका मित्राला आर्टी शॉ या अमेरिकन क्लॅरिनेटवाल्या बॅन्डलीडरची 'बिगिन द बिगीन' ऐकवली. १९३८ची रेकॉर्ड, तीन मिनिटांपेक्षा जराशी मोठी. पहिलं मिनिट तो मान डोलवत बसला, दुसऱ्या मिनिटाला मोबाईल बघायला लागला, आणि तिसरं संपत आलं तेव्हा म्हणतो, "अरे, गाणं कधी सुरू होणार?" तेवढ्यात रेकॉर्ड संपलीच. गायक आला नाही, कारण त्या रेकॉर्डवर गायक नाहीच आहे.

त्याची चूक नाही म्हणा. आपले कान गाण्यावर वाढलेत. भावगीत घ्या, नाट्यगीत घ्या, सिनेमाचं गाणं घ्या, सुरुवातीचं म्युझिक वाजतं ते गायकाला वाट करून द्यायला आणि मधलं म्युझिक म्हणजे गायक दम घेतोय तोवरची सोय, असंच आपण धरून चालतो. या रेकॉर्ड्समध्ये उलटा कारभार. इथे बॅन्ड हाच यजमान, आणि गायक असलाच तर मध्येच उठतो, एक कडवं गातो आणि परत खुर्चीत जाऊन बसतो, अक्षरशः, कारण स्टेजवर त्याची खुर्ची ठेवलेली असायची. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं कसं करायचं ते माझ्या पद्धतीने सांगतो. मी वादक नाही, नोटेशन वाचता येत नाही, बरीच वर्षं ऐकतोय आणि बाजारात धडपडतोय एवढीच माझी लायकी.

आधी हे प्रकरण काय आहे ते

स्विंगचा काळ म्हणजे ढोबळमानाने १९३५ ते १९४६, अमेरिकेत. सुरुवातीची तारीख म्हणून लोक २१ ऑगस्ट १९३५ सांगतात, त्या रात्री लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बॅन्डने पब्लिकला अक्षरशः वेडं केलं. त्याआधीचा त्यांचा सगळा दौरा पडल्यातच जमा होता. पण अशा संगीताची एक तारीख नसते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये १९२६पासून लोक नाचत होतेच, तिथे काळेगोरे एकाच फ्लोरवर असायचे, आणि फ्लेचर हेंडरसन, ड्यूक एलिंग्टन, चिक वेब हे कृष्णवर्णीय बॅन्डलीडर हेच सगळं गुडमनच्या आधीपासून करत होते.

बॅन्ड साधारण तेरा ते सोळा माणसांचा. तीन-चार ट्रम्पेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, आणि मागे ऱ्हिदम सेक्शन म्हणजे पियानो, गिटार, डबल बेस, ड्रम्स. रेकॉर्ड ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. लेबलवर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात 'फॉक्स ट्रॉट' किंवा 'वॉल्ट्झ' छापलेलं असतं, म्हणजे यावर कोणता नाच करायचा त्याची सूचना. आणि गायक असेल तर 'विथ व्होकल रिफ्रेन', खाली त्याचं नाव, कधीकधी तेही नाही. लेबलच सांगतंय की ही वस्तू नाचायला केलीये, गाणं त्यात घातलंय.

पुढे सगळं उलटलं. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. युनियन वादकांची, गायक त्यात नव्हते, त्यामुळे कंपन्यांनी नुसत्या समूहगायकांच्या साथीवर गायकांची गाणी काढली. डेक्काने १९४३च्या सप्टेंबरात समझोता केला, व्हिक्टर आणि कोलंबियाने थेट १९४४च्या नोव्हेंबरात. तोपर्यंत पब्लिकला गायकांची सवय लागली होती, आणि १९४६च्या डिसेंबरात मोठमोठे बॅन्ड पटापट बंद पडले. म्हणजे माझा मित्र जे विचारत होता तेच शेवटी अख्ख्या अमेरिकेने विचारलं.

कान तयार करायचे तर घरापासून सुरुवात करा

हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे, फक्त तो कुठे ऐकलाय हे लक्षात नाही. १९३५च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय बॅन्ड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड तर इथलाच झाला, १९४५ला कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. यांच्याकडून शिकले आपले गोव्याचे वादक, ज्यांना पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळेमुळे लहानपणीच नोटेशन वाचता यायचं. मिकी कोरियाचा बॅन्ड ताजमध्ये वर्षानुवर्षं वाजत होता. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तो सिनेमात कोणाबरोबर होता? सी. रामचंद्रांबरोबर, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांबरोबर.

म्हणून पहिला अभ्यास हा करा: 'अलबेला'मधली, १९५१ची, नाचाची गाणी लावा आणि गाण्याकडे दुर्लक्ष करा. मुद्दाम. शब्द सुरू झाले की मनातल्या मनात आवाज कमी करायचा आणि मधले तुकडे आले की कान टवकारायचे. ठेका प्रत्येक वेळी स्विंगचा नाही, पुष्कळदा लॅटिन अंगाचा आहे, पण ट्रम्पेट कसा तोंड वर करून बोलतो, सॅक्सोफोन खालून कसे उत्तर देतात, ते सगळं तिथे आहे. चार-पाच दिवस एवढंच करा. नंतर अमेरिकेला जा.

पायरी पहिली: पाय

पहिल्यांदा ऐकताना चाल ऐकू नका, सोलो ऐकू नका, फक्त बेस पकडा. तो तळाशी एक-दोन-तीन-चार चालत असतो. मोबाईलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, त्यामुळे हेडफोन घाला किंवा बऱ्यापैकी स्पीकर लावा, एवढी एकच खर्चाची अट आहे. विसाच्या दशकातल्या रेकॉर्ड्समध्ये बेसच्या जागी बऱ्याचदा टुबा आणि गिटारच्या जागी बँजो असायचा, त्यामुळे चालणं उड्या मारल्यासारखं, एक आणि तीनवर वजन. स्विंगमध्ये चारही पावलं सारखी पडतात. काउंट बेसीच्या बॅन्डमधले चौघे, स्वतः बेसी पियानोवर, वॉल्टर पेज बेसवर, फ्रेडी ग्रीन गिटारवर आणि जो जोन्स ड्रम्सवर, यांच्यासारखं चालणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. जो जोन्स ठेका मोठ्या ढोलावर न ठेवता हाय-हॅटवर, म्हणजे त्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवर ठेवतो, त्यामुळे सगळं हलकं होतं.

आणि स्विंग म्हणजे नेमकं काय? एका मात्रेचे दोन भाग करायचे, पण सारखे नाही, पहिला लांब, दुसरा आखूड. दादऱ्यातली मधली मात्रा गिळून टाकली तर जे उरेल तसं. लेखी सांगून कळत नाही, टेबलावर बोटांनी वाजवून बघा, दोन मिनिटांत कळतं. घरच्यांनी काय लावलंय म्हणून विचारलं तर समजायचं जमतंय.

पायरी दुसरी: मोजणी

इथे आपण लोक भाग्यवान, आपल्याला आवर्तन म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. चार मात्रांचा एक बार. बहुतेक चाली ३२ बारच्या, म्हणजे १२८ मात्रांचं एक मोठं आवर्तन, त्याला हे लोक कोरस म्हणतात. त्या ३२चे आठ-आठचे चार तुकडे: मुखडा, परत मुखडा, अंतरा, परत मुखडा. बस. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर एक कोरस ४८ सेकंदांत होतो, म्हणजे तीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये तीन कोरस आणि आगापिछा एवढंच बसतं. सगळी कारागिरी त्या तीन फेऱ्यांत.

एलिंग्टनची 'टेक द ए ट्रेन' घ्या, फेब्रुवारी १९४१ची. चाल बिली स्ट्रेहॉर्नची, नाव हार्लेमला जाणाऱ्या भुयारी रेल्वेच्या ए लाइनवरून. त्या वर्षी रेडिओ कंपन्यांचं आणि संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं भांडण चाललं होतं, एलिंग्टन त्या संस्थेचा सभासद, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या चाली रेडिओवर वाजवता येईनात, आणि मग या तरुण सहकाऱ्याची चाल पुढे आली ती बॅन्डची ओळखच होऊन बसली. आता ऐका: पियानोचे चार बार, त्यावरूनच रेकॉर्ड ओळखता येते. पहिली फेरी सॅक्सोफोन चाल सांगतात आणि ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले, मध्येमध्ये टोकतात. दुसऱ्या फेरीत रे नान्सचा ट्रम्पेट, वाद्याच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून, नाकात बोलल्यासारखा. मग चार बारांचा एक जिना, सूर वरच्या पट्टीत चढतो, आणि तिसऱ्या फेरीत तोच नान्स म्यूट काढून मोकळ्या आवाजात. पहिल्या दोन-तीन वेळा मोजताना तुम्ही अंतऱ्यापाशी हमखास हरवाल, मीही हरवायचो. हरवलात की परत मुखडा येईपर्यंत थांबायचं आणि तिथून धरायचं, तबलजी चुकला की समेवर गाठतो तसं.

सगळंच ३२चं नसतं, ब्लूज १२ बारचं असतं, ते पुढे येतंच आहे.

पायरी तिसरी: कोण कोणाशी बोलतंय

पोवाडा ऐकलाय ना? शाहीर ओळ टाकतो, झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत ती उचलतात. बिग बॅन्डचा सगळा खेळ हाच आहे, फक्त शाहीर आणि झीलकरी सारखे जागा बदलतात. सॅक्सोफोन वाक्य म्हणतात, ट्रम्पेट उत्तर देतात, आठ बारांनी ट्रम्पेट पुढे आणि सॅक्सोफोन मागे. हे आपोआप होत नाही, कोणीतरी बसून लिहिलेलं असतं. त्या माणसाला अरेंजर म्हणतात, आणि लेबलवर त्याचं नाव बहुतेक वेळा नसतं, हे मला कायम खटकतं.

फ्लेचर हेंडरसन हा यातला बापमाणूस. स्वतःचा बॅन्ड पैशापायी चालेना म्हणून त्याने आपली अरेंजमेंट्स बेनी गुडमनला विकली, आणि गुडमन स्विंगचा राजा म्हणून गाजला. दोघांची तुलना करायची सोपी सोय आहे. 'किंग पोर्टर स्टॉम्प' ही जेली रोल मॉर्टनची चाल हेंडरसनने १९३२मध्ये 'न्यू किंग पोर्टर स्टॉम्प' म्हणून वाजवलीये आणि गुडमनने १९३५मध्ये. लागोपाठ लावा. गुडमनचा बॅन्ड चकचकीत, सगळे एका श्वासात, वर बनी बेरिगनचा ट्रम्पेट. हेंडरसनचा जरा विस्कटलेला, पण अंगात आल्यासारखा. शेवटच्या फेऱ्यांत सेक्शनची जी सवाल-जवाबी जुंपते ती दोन्हीकडे ऐका. मला हेंडरसन आवडतो, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गुडमन लवकर कळतो, म्हणून आधी गुडमन.

पायरी चौथी: दोन टेनरवाले

आता खरी मजा. एकच रेकॉर्ड घ्या आणि आठवडाभर तीच ऐका: काउंट बेसीची 'वन ओ'क्लॉक जंप', जुलै १९३७, डेक्काची. बाराबारची ब्लूज फेरी, एक फेरी साधारण सोळा-सतरा सेकंदांची. आधी पियानो. मग पहिला टेनर सॅक्सोफोन येतो, तो हर्शेल इव्हान्स. जाड, रुंद, थरथरता आवाज, भरल्या गळ्याने बोलणाऱ्या माणसासारखा. मग ट्रॉम्बोनची एक फेरी. आणि मग दुसरा टेनर, लेस्टर यंग. तेच वाद्य, तीच फेरी, तेच बारा बार, आणि तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल की हे तेच वाद्य आहे. थरथर जवळजवळ नाही, आवाज पातळ, कोरडा, मात्रेच्या जरा मागे रेंगाळणारा, बोलताना वाक्य अर्धवट सोडून गालात हसणाऱ्या माणसासारखा. दोघं बॅन्डमध्ये सॅक्सोफोनच्या रांगेच्या दोन टोकांना बसायचे, एकमेकांशी चुरस होती. इव्हान्स १९३९मध्येच गेला, तिशीसुद्धा गाठली नाही.

सुरुवातीला मला दोघे सारखेच वाटायचे. मग मी एक केलं: कागदावर दोन रकाने पाडले आणि प्रत्येक वेळी ऐकताना एकेक शब्द लिहायचा, कसाही, 'ओला', 'कोरडा', 'मामा', 'भाचा', काय सुचेल ते. चार दिवसांत दोन माणसं समोर उभी राहिली. हसू येईल पण करून बघा.

लेस्टरनंतर बक क्लेटनचा ट्रम्पेट, मग ऱ्हिदम सेक्शन जवळजवळ एकटा, बेसी पियानोवर दोन बोटांनी ठिपके टाकल्यासारखं वाजवतो, आणि मग शेवट: ट्रम्पेटचं एक छोटं वाक्य, ट्रॉम्बोनचं दुसरं, सॅक्सोफोनचं तिसरं, तिन्ही एकदम, पुन्हा पुन्हा. याला रिफ म्हणतात. तीन वेगळी वाक्यं एकमेकांत न अडकता कशी बसतात ते ऐकायला एकदा फक्त ट्रॉम्बोन, एकदा फक्त सॅक्सोफोन असं धरून ऐका. गायक कुठे आहे हे तोवर तुम्ही विसरलेले असाल.

ग्लेन मिलरबद्दल दोन वाक्यं, कारण सगळे त्याच्यापासूनच सुरुवात करतात. 'इन द मूड', १ ऑगस्ट १९३९ची, तिचा शेवटचा भाग, जिथे त्याच रिफचा आवाज बारीक, अजून बारीक, संपला वाटेपर्यंत बारीक होतो आणि मग धाडकन परत येतो, तो एकदा तरी पूर्ण अंधारात ऐकावा. बाकी मला मिलर जरा इस्त्री केलेला वाटतो, सुरकुतीच नाही कुठे.

आता गायक

हो, गायकही ऐकायचेच, पण आता बॅन्डच्या रांगेत बसलेलं अजून एक वाद्य म्हणून. चिक वेबच्या बॅन्डमधली एला फिट्झजेराल्ड ऐका, विशीतली मुलगी, आवाज सॅक्सोफोनच्या मांडीवर बसल्यासारखा. आणि ब्रिटिश डान्स बॅन्ड सोडू नका, अमेरिकन जॅझवाले नाकं मुरडतात पण रे नोबलचा बॅन्ड आणि त्यात अल बोली, हा प्रकार वेगळाच आहे. बोली जन्माने मोझांबिकचा, वाढला जोहान्सबर्गमध्ये. माइकच्या इतक्या जवळ येऊन गायचा की कानात बोलल्यासारखं वाटतं, आणि कडवं संपलं की जातो निघून. १७ एप्रिल १९४१ला लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेला. त्याच्या महिनाभर आधी, ८ मार्चला, लंडनच्याच कॅफे द पॅरि या नाइटक्लबवर बॉम्ब पडून केन 'स्नेकहिप्स' जॉन्सन हा कृष्णवर्णीय बॅन्डलीडर स्टेजवरच मेला. या रेकॉर्ड्समधला गोडवा ऐकताना हे आठवलं की जरा वेगळं वाटतं.

फाइल ऐकताय की कचरा ऐकताय

हे फार लोक सांगत नाहीत आणि इथेच घोळ होतो. ऑनलाइन त्याच गाण्याच्या दहा कॉपी असतात. पहिला प्रश्न, रेकॉर्डिंग कधीचं? हिट झालेल्या चाली याच बॅन्डलीडरांनी पन्नाशीच्या दशकात हाय-फायमध्ये परत वाजवल्या, वर तेच नाव, तोच फोटो. ऐकायला स्वच्छ, पण ते मूळ नव्हे. तारीख बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने जुन्या अमेरिकन रेकॉर्डिंगची सूची ऑनलाइन फुकट ठेवलीये, तिथे बॅन्डचं नाव टाकलं की तारीख, मॅट्रिक्स नंबर म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा कंपनीतला क्रमांक, टेक म्हणजे कितवा प्रयत्न, सगळं मिळतं.

दुसरं, खरखर. सुरुवातीला ती नको वाटते म्हणून लोक एकदम साफ केलेली कॉपी शोधतात. साफ करणाऱ्याने सॉफ्टवेअरचा पट्टा जोरात फिरवला असेल तर खरखरीबरोबर हाय-हॅट जातो, ट्रम्पेटची धार जाते आणि बॅन्ड शेजारच्या खोलीत उशीखाली वाजतोय असं वाटतं. थोडी खरखर असलेली कॉपी घ्या, दहा मिनिटांत मेंदू ती गाळून टाकतो, पावसाच्या आवाजासारखी. तिसरं, साठीच्या दशकातल्या काही एलपींवर खोटा स्टिरिओ आहे, घुमारा घातलेला, त्या सरळ सोडा. हे सगळं मूळ मोनो आहे. जॉन आर. टी. डेव्हिस या इंग्रज इंजिनिअरचं नाव कुठल्या सीडीवर दिसलं तर डोळे झाकून घ्या, हा माणूस प्रत्येक टिकटिक हाताने काढायचा.

तबकडी घ्यायचीच असेल तर

नाही घेतली तरी चालेल, खरंच. पण एकदा खाज लागली की थांबत नाही. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, आणि बाकी घरं रिकामी करणारी मंडळी. खोक्यात हात घातलात की बेसी किंवा एलिंग्टन लगेच मिळेल या भ्रमात राहू नका. बहुतेक जुन्या हिंदी-मराठी रेकॉर्ड, आणि इंग्रजीत हमखास व्हिक्टर सिल्व्हेस्टर, कारण एचएमव्ही-कोलंबियाच्या ब्रिटिश रेकॉर्ड्स इकडे डमडमच्या कारखान्यात दाबल्या जायच्या. सिल्व्हेस्टर नाचाचा मास्तर, त्याचा बॅन्ड घड्याळ लावल्यासारखा एका लयीत वाजतो, गायक नाही, स्विंगही नाही. तरी एक घ्या, स्विंग म्हणजे काय नव्हे ते त्यावरून नीट कळतं.

घेताना रेकॉर्ड उजेडाला तिरकी धरा. ग्रूव्ह, म्हणजे त्या गोल खाचा, काळे चकाकते असले तर बरं, राखाडी पडले असतील तर लोखंडी पिनेने खाल्लेत, धुऊन फरक पडत नाही. मग मधल्या भोकात बोट घालून टांगती धरा आणि कडेला हलकी टिचकी मारा, मडकं वाजवून घेतो तशी. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे.

आणि घासाघीस करा, पण दुकानदार चाचा चहा पाजत असतील तर जरा कमी.

आता माझी चूक ऐका. पहिली बरी रेकॉर्ड मिळाली तेव्हा ती मळकट होती, मी घरातलं स्पिरिट कापसावर घेऊन छान गोल गोल पुसलं. कापूस काळा झाला, मी खूश. परत पुसलं, परत काळा. तिसऱ्यांदा बोट चिकटलं. मळ निघत नव्हता, रेकॉर्ड निघत होती! नंतर आमच्या सुतारकाकांनी सांगितलं, "अहो, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच आम्ही फर्निचरला पॉलिश मारतो, तुम्ही तेच केलंत." ७८ची रेकॉर्ड म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याची राळ, त्यात दगडाची पूड आणि काजळी. आणि जगातली बरीचशी लाख आपल्याच छोटा नागपूरकडून जायची. युद्धात ती तुटली तेव्हा १९४२मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीच्या शेलॅकवर मोठी कपात लावली, जुन्या रेकॉर्ड परत द्या मग नवी घ्या असंही दुकानात चालायचं. किती चांगल्या तबकड्या त्यात वितळल्या असतील देव जाणे.

तर स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, काच पुसायचं निळं पाणी नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश ग्रूव्हच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवायचं, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं आणि उभी करून पंख्याखाली वाळवायची. उन्हात नाही, पापड होतो.

वाजवायची कशावर? आजोबांचा चावीचा ग्रामोफोन असेल तर शोभेला ठेवा, नाहीतर ज्या रेकॉर्डवर जीव नाही त्या वाजवा, त्याचं डोकं जड असतं आणि लोखंडी पिन दर बाजूला नवी लागते, तीच पिन दहा वेळा वापरलीत की ग्रूव्हचा चिवडा. टर्नटेबल घ्या ज्यात ७८ची स्पीड आहे, आणि ७८ची वेगळी स्टायलस, म्हणजे सुई, घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. एलपीच्या स्टायलसचं टोक साधारण २५ मायक्रॉनच्या आसपासचं, ७८चं ७५च्या आसपास, एलपीवाली घातलीत तर ती रुंद ग्रूव्हच्या तळाशी धूळ खात फिरते आणि तुम्ही म्हणता जुन्या रेकॉर्डचा आवाजच वाईट. दाब तीन ते पाच ग्रॅम, कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसते त्या डबीच्या, कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. अ‍ॅम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर तिथल्या तिथे कमी होते, कारण संगीत ग्रूव्हच्या आडव्या हालचालीत आहे आणि उभ्या हालचालीत नुसता कचरा.

टर्नटेबलवर ७८ नसेल तर एक जुगाड आहे. ७८ची स्टायलस लावून ४५वर वाजवा, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड ४५वरून ७८ करा. सूर बरोबर येतो. खालीवरचा टोन थोडा हलतो, तो इक्वलायझरने जुळवावा लागतो, पण तसाही तो जुळवावाच लागतो, कारण आजचे फोनो इनपुट १९५४नंतर सगळीकडे रुळलेल्या आरआयएए प्रमाणावर चालतात आणि आपल्या रेकॉर्ड्स त्याच्या आधीच्या. आवाज दबका आला तर ट्रेबल वाढवा, कानाला ट्रम्पेट ट्रम्पेटसारखा वाटेपर्यंत. यात लाजायचं नाही.

स्पीड तपासायची तर स्ट्रोब चकती छापून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मिनिटाला ६०००. चकतीवर ७७ रेघा असतील आणि त्या स्थिर दिसल्या तर स्पीड ६००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२, ब्रिटिश प्रमाण तेच. अमेरिकन ७८.२६, फरक कानाला कळणारा नाही. जुना पिवळा बल्ब किंवा साधी ट्यूब लागते, चांगल्या एलईडीखाली बरेचदा काहीच दिसत नाही, मी अर्धा तास त्यात घालवलाय.

ठेवायच्या उभ्या, घट्ट नाही आणि रेलूनही नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, पावसाळ्यात आतून बुरशी येते, कागदी पाकीट बरं. आणि रिक्षातून आणताना मांडीवर आडवी ठेवू नका, स्पीड ब्रेकरला तीन तुकडे होतात, पिशवी हातात उभी धरून बसा, रिक्षावाले काका आरशातून बघतील, बघू देत.

तो मित्र गेल्या आठवड्यात परत आला होता, 'बिगिन द बिगीन'ची मागची बाजू लाव म्हणाला. तिथे 'इंडियन लव्ह कॉल' आहे, त्यातला इंडियन आपला नव्हे, तिकडचा आदिवासी, आणि कंपनीचा सगळा भरवसा त्या काळी त्याच बाजूवर होता. टोनी पास्टर गायला लागला तसा हा म्हणतो, "याला जरा गप्प बसवता येईल का, मागे काय वाजतंय ते ऐकू येत नाहीये."